थोरल्या सुताराची मान

सुतार पक्ष्याचं चित्र काढायचं तर आधी शेपटी काढावी. नवशिके चोचीपासून सुरुवात करतात आणि मग तो पक्षी खोडाला डिंकानं चिकटवल्यासारखा दिसतो. सुतार झाडावर बसत नाही, झाडाला टेकतो. दोन पाय आणि तिसरी शेपटी, अशी त्याची तिपाई असते. शेपटीची पिसं बांबूच्या कामट्यांसारखी ताठ. ती तिपाई कागदावर घट्ट रोवली की चोच आपण होऊन ठोकायला लागते.

हे मी एवढ्या ठसक्यात सांगते, कारण माझा जन्म यातच गेला. पुस्तकांसाठी पक्ष्यांची चित्रं काढणं हा माझा धंदा. गाव तंजावर, राजवाड्यामागची गल्ली. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. आमची मराठी तीनशे वर्षांपूर्वी तुमच्या महाराष्ट्रातून निघाली ती परत गेलीच नाही. माझी पुस्तकं वाचून थोडी सुधारली, अंबू आत्याची कधीच सुधारली नाही. संपादकांना मी सांगून ठेवलं आहे, माझ्या चुका खुशाल दुरुस्त करा, पण आत्याच्या तोंडचं अक्षर हलवू नका; ती सगळ्यांना 'अस्की' म्हणायची आणि कॉफीला 'कापी', ते तसंच राहू द्या.

लोकांना वाटतं, असा चित्रकार रानात स्टूल टाकून बसतो, पक्षी समोरच्या फांदीवर येतो आणि चित्र होईपर्यंत थांबतो. कुठलं आलंय! माझ्याकडे पक्षी रेल्वे पार्सलनं येत. पोटात कापूस, डोळ्यांच्या जागी कापूस, पायाला नावाची चिठ्ठी आणि सगळ्याला नॅप्थलीनचा वास. मुंबईला एक पक्षिशास्त्रज्ञ होते, आम्ही त्यांना नुसतंच डॉक्टर म्हणत असू. देशातल्या यच्चयावत पक्ष्यांचं एक मोठं सचित्र पुस्तक करायचा त्यांनी घाट घातला होता. मी तेव्हा मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत होते. माझी काही चित्रं त्यांच्या पाहण्यात आली, पार्सलं सुरू झाली आणि मी शाळा सोडली.

पहिलं पार्सल अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उघडलं. त्यांना वाटलं, मुंबईहून कुणी फराळ पाठवला. वरचा पातळ कागद बाजूला केला तर खाली ओळीनं निजलेले पोपट. अप्पा झाकण लावून जे उठले ते अंगातल्या सदऱ्यासकट विहिरीवर गेले. त्या दिवसापासून कायदा झाला: पार्सल उघडायचं ते मागच्या परसात, आणि उघडल्यावर डोक्यावरून आंघोळ. कायदा आत्यानं केला. आणि पार्सल आलं की परसात सगळ्यांत आधी धावायची तीही आत्याच.

अंबू आत्या ही अप्पांची थोरली बहीण. लहानपणीच नवरा गेला, तेव्हापासून आमच्याकडे. तिचं हसू पलीकडच्या गल्लीत ऐकू जाई. विधवेनं असं हसू नये, हे तिला पुष्कळांनी सांगून पाहिलं. ती तेही ऐकून हसली.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. निलगिरीतल्या एका कॉफी मळ्याच्या मालकीणबाईंना दिवाणखान्यासाठी बुलबुलाचं चित्र हवं होतं. मी पाठवलं, ते परत आलं. तक्रार अशी की पक्ष्याचा एकच डोळा दिसतो, दुसरा कुठे आहे? मी कळवलं, दुसरा पलीकडच्या बाजूला आहे. त्यांचं उत्तर आलं, दोन्ही डोळे दिसलेच पाहिजेत. शेवटी मी त्यांना घुबड काढून दिलं. बाई खूश. त्या घुबडाला त्या मरेपर्यंत बुलबुल म्हणत होत्या, असं ऐकलं.

डॉक्टरांचं काम मात्र असं चेष्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. त्यांच्या पुस्तकात चूक छापली गेली तर पुढच्या दोन पिढ्यांची पोरं तीच चूक रानात शोधत फिरणार. आणि त्या पुस्तकात सुतार पक्ष्यांचं पान माझ्याकडे होतं. बाकीचे सगळे जमले, एकानं मात्र मला घाम फोडला. हिमालयाच्या पायथ्याच्या सालवृक्षांच्या वनांत राहणारा थोरला सुतार, कावळ्याहूनही लांब, अंगानं शाळेतल्या पाटीच्या रंगाचा. डॉक्टरांनी कुठल्याशा संग्रहालयातून त्याचं जुनं, विटलेलं कातडं पाठवलं होतं. मी त्यावरून चित्र काढलं. ते परत आलं. मागे डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ: "हा सुतार नव्हे, खांबावर बसवलेली कोंबडी आहे."

ते खरंच होतं. पण चुकलं कुठे ते त्यांनाही सांगता येईना, कारण त्यांनीही तो जिवंत पाहिलेला नव्हता. यातली गोम अशी की, कातड्यात कापूस भरताना मान किती ओढायची हे भरणाऱ्याच्या हातात असतं. त्याला घाई असली की मान आखूड होते. रंग विटला तर अंदाजानं भरता येतो, हरवलेली मान कुठून आणायची?

डॉक्टरांनी सरळ कळवलं: तराईच्या जंगलात जा आणि पाहून या. वनखात्याच्या बंगल्याची व्यवस्था करतो. होळीपर्यंत दिसला तर ठीक. नाहीतर हे पान आणि उत्तरेकडचे पुढचे सगळे पक्षी कलकत्त्याच्या एका चित्रकाराकडे जातील. ते गृहस्थ कातड्यावरून झरझर काढत आणि कधी शंका विचारत नसत. म्हणजे उत्तरेकडचे सगळे पक्षी माझ्या हातून गेले, आणि मी पुन्हा शाळेत फळ्यावर पेरू आणि तांब्या काढायला मोकळी.

अप्पा म्हणाले, "एकटी पोर एवढ्या दूर? जमायचं नाही."

माजघरातून आत्या म्हणाली, "मी जातें तिजबरोबर."

"तुला काय कळतं पक्ष्यांतलं?"

"मज कांहीं नको कळाया. मज आगगाडीत बसायाचें अहे!"

तोवर आत्याचा प्रवास कुंभकोणमच्या पुढे गेलेला नव्हता. तिनं सामान बांधलं त्यात कॉफीचा फिल्टर, कॉफी दळायचं यंत्र, चिंचेचा गोळा, अप्पळम म्हणजे आमचे पापड, स्टोव्ह आणि पितळी भांडी होती. माझी रंगांची पेटी या सगळ्याखाली गेली. मद्रास, दिल्ली, बरेली असं करत आम्ही टनकपूरला उतरलो तेव्हा आत्यानं नऊवारीवर अप्पांचा काळा कोट घातला होता आणि डोक्याला माकडटोपी. थंडी म्हणजे काय हे तिला ठाऊकच नव्हतं. तोंडातून वाफ निघाली की ती मला हलवून दाखवायची, "पाह्य गे, माझ्या आंत कोणी चूल पेटवली!"

स्टेशनवर जीप घेऊन रेंजर आले होते, पंतजी. उंच, गंभीर, मिशीवाले, कुमाऊंचे. त्यांच्याबरोबर वनरक्षक बच्चीसिंग. जीप तोच चालवायचा.

"आप लोग मद्रासी हैं?" पंतजींनी विचारलं.

माझी हिंदी परीक्षेपुरती होती. मी म्हटलं, "रहते मद्रास में हैं. हैं मराठी."

पंतजी चालता चालता थबकले. "अरे! हम भी तो महाराष्ट्र के हैं! हमारे पुरखे वहीं से आए थे!" त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आले होते. त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं, पण मराठीचा एकही शब्द त्यांच्यापाशी उरलेला नव्हता.

"तो कभी महाराष्ट्र जाते हैं?" मी विचारलं.

"कभी नहीं गए. और आप?"

"हम भी नहीं."

हे मी आत्याला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे एक भाऊ वर गेला, एक खालीं आला. मग घरीं कोण राहिला गे?" आणि जी हसत सुटली ती थांबेना. पंतजींना मी हिंदीत सांगितलं, तेव्हा ती गंभीर मिशी हलली, आणि फलाटावर, कुली बघत असताना, तेही हसू लागले. त्या दिवसापासून आत्या त्यांची बुआजी झाली. तिची कॉफी त्यांना काढ्यासारखी लागे, पण रोज सकाळी नाक न मुरडता प्यायचे.

शोध सुरू झाला. सालाचं जंगल म्हणजे खांबांची रांगच. सरळसोट झाडं, मान मोडेपर्यंत वर, आणि हिवाळा सरता सरता पानं विरळ होतात म्हणून प्रकाश थेट खाली उतरतो. आणि सगळीकडून ठक् ठक् ठक्! सुतारांची ती बाजारपेठच होती. सोनेरी पाठीचे, हिरवे, मुठीएवढे, लाल टोपीचे. ज्यांना मी आजवर कापसाचे डोळे लावलेले पाहिले होते, ते माझ्याकडे वळून बघत होते! मी वेड्यासारखी कागदावर कागद भरत होते. पण थोरला काही दिसेना. तो एका झाडाचा नव्हेच. टोळीनं हिंडतो, आज इथे तर उद्या चार कोस पलीकडे.

बच्चीसिंगचा उत्साह दांडगा. कुठलाही पक्षी उडाला की तो ओरडायचा, "यही है, बहनजी!" एकदा ती घार निघाली, एकदा मोर, एकदा तर पक्षी नव्हताच, वानर होतं. संध्याकाळी तो न चुकता म्हणायचा, "कल पक्का."

एके दिवशी मात्र आवाज वेगळाच आला. दमदार, संथ. ठक्. ठक्. ठक्. इतर सुतारांची घाई त्यात नव्हती. पंतजींनी हात वर केला. बच्चीसिंगच्या चेहऱ्यावर देव दिसल्याचा भाव. आम्ही ओढा ओलांडला, वेताच्या काटेरी जाळीत शिरलो, आत्याचा कोट अडकला, तो सोडवला, चिखलात माझी चप्पल राहिली, ती तिथेच सोडली. आवाज जवळ येत होता. माझ्या छातीतही ठक् ठक् चाललेलं. शेवटची जाळी बाजूला सारली, तर समोर लाकडी पूल, आणि पुलावर उकिडवा बसून एक म्हातारा सुतार फळीला खिळे ठोकत होता.

मग आत्या म्हणाली, "सुतार तर मिळाला गे. आतां ह्याचेंच काढ चित्र."

मी पुलावरच बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले. त्या म्हाताऱ्याला काहीच कळेना. त्यानं आम्हांला बिडी देऊ केली.

पण आत्याच्या हसण्यानं एकदा जिवावरही बेतलं होतं. एका दुपारी आम्ही पाणवठ्यावरच्या मचाणावर बसलो होतो. हत्तींचा कळप आला, पिल्लासकट. पंतजींनी खुणेनं सांगितलं, श्वाससुद्धा हळू. तंजावरच्या आत्यानं हत्ती पाहिलेला तो फक्त देवळातला, कपाळभर रंगवलेला. ती माझ्या कानाशी लागली. "ह्यांस कोणी नाम नाहीं लावलें? गंध नाहीं? उघड्या कपाळाचे हिंडतात?" आणि तिला आतून हसू फुटलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मचाण हलायला लागलं. तिचं पाहून मलाही आवरेना. हत्तीण कान पसरून आमच्या दिशेनं तोंड करून उभी राहिली, आणि पंतजींचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. सुदैवानं पिल्लाला पाण्यात लोळायचं होतं, म्हणून आई तिकडे वळली. खाली उतरल्यावर पंतजी हात जोडून म्हणाले, "बुआजी, आज से जंगल में हँसना मना है."

होळी जवळ आली. गावात लोक लाकडं रचायला लागले. होळीच्या आदल्या दिवशी आमची गाडी होती. निघण्याआधीच्या दुपारी मी बंगल्याच्या ओसरीत पाय पोटाशी घेऊन बसले होते. सगळं हसू मावळलेलं.

"नाहीच दिसला तर, आत्या?"

"नाहीं दिसला तर काय आपण मेलों? आगगाडींत बसून परत जाऊं." मग कॉफीचं यंत्र फिरवता फिरवता ती थांबली. "पण दिसायाला हवा गे. तूं घरीं कधीं अशी हसली नाहींस. इथें हसलीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान जीपवर चढवून दोरखंडानं आवळलं. माझी पेटी पुन्हा पितळेखाली. अर्ध्या वाटेवर बच्चीसिंगनं जीप थांबवून इंजिन बंद केलं. पुढे रस्ता ओलांडून हत्ती चालले होते, तोच कळप. पंतजी कुजबुजले, हत्ती गेले तरी काही वेळ हलायचं नाही, बोलायचं नाही. धुळीचा लोट जीपवर बसला. हत्ती गेले. आम्ही गप्प.

आणि त्या शांततेत कुणीतरी मोठ्यांदा हसलं.

पंतजींनी मागे वळून आत्याकडे असं पाहिलं की बस्स. आत्याचे डोळे विस्फारलेले. "मी नव्हें!" ती पदराआडून म्हणाली. "रामाशपथ, मी नव्हें!"

पुन्हा हसू आलं, खिंकाळल्यासारखं, आणि या वेळी ते वरून आलं. सालांच्या शेंड्यांवरून एकामागून एक काळपट पक्षी येत होते, कावळ्यासारखे सावकाश पंख मारत. ते रस्त्याकडेच्या एका वाळलेल्या, प्रचंड सालाला येऊन टेकले. थोरले सुतार. पाच होते. एकमेकांना हाका मारत, खोडाभोवती लपंडाव खेळत, सालीखालच्या मुंग्या टिपत होते.

आणि मान! त्यांना मान होती! बारीक, लांब, वीणेच्या दांडीसारखी, तीवर लहानसं डोकं, आणि प्रत्येक घावाआधी ती मागे जायची ती जातच राहायची. गळा मोरकुळंबूच्या रंगाचा. तुम्ही ज्याला कढी म्हणता त्याच्या. नराच्या गालावर लाल ठिपका. मी काढलेली कोंबडी आठवली आणि मला तिची दया आली.

पण कागद, पेन्सिल सगळं पेटीत! मी हळूच जीपमधून उतरले. पंतजी "बहनजी!" म्हणून फुसफुसले, मी ऐकलं नाही. बॉनेटवर धुळीचा जाड थर होता. त्या धुळीत मी बोटानं काढायला लागले. आधी शेपूट, मग पाठ, मग ती मान. एक मान मागे गेलेली, एक वळलेली, एक ताणलेली. माझ्या पाठीमागे, जिथून हत्ती गेले होते त्या बाजूला तोंड करून, माकडटोपीतली आत्या छत्री उगारून उभी राहिली. हत्ती आलाच असता तर ती छत्री त्याला मारणार होती, यात मला आजही शंका नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांतला एक खिंकाळला, आणि सगळे हसत हसत उडून गेले.

त्यानंतर आरडाओरडा काय वर्णावा! पंतजी आणि मी दोरखंड सोडायला धावलो, भांडी रस्त्यावर घरंगळली. पेटी हाती आली आणि मागून आत्याची किंकाळी ऐकू आली. "अय्यो! पुसूं नकोस रे, पाप्या!"

बच्चीसिंग आनंदानं जीप साफ करायला लागला होता. फडकं बॉनेटच्या मधोमध पोचलं होतं. आत्यानं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. त्याला मराठी कळत नव्हती, पण ती पकड कळली. डावीकडचे दोन पक्षी गेले, उजवीकडच्या तीन माना वाचल्या. पंतजींनी वारा लागू नये म्हणून आपला कोट आडवा धरला आणि मी धुळीवरून कागदावर उतरवून घेतलं. बच्चीसिंग रडवेला होऊन म्हणाला, "मैंने कहा था न, कल पक्का."

निघताना पंतजी त्या वाळक्या सालापाशी गेले. बुंध्यावर वनखात्याच्या घणाचा शिक्का होता, म्हणजे हे झाड तोडायला काढलेलं. "ये निशान तो मेरा ही है," ते म्हणाले. वाळलेलं झाड तोडायचं, ही त्यांची नोकरीच होती. त्यांनी चाकूनं तो शिक्का तासून काढला. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. त्या झाडाचं पुढे काय झालं, ते मला कधी कळलं नाही, आणि जाऊन पाहण्याचं धाडस मी केलं नाही. सुताराला म्हातारी झाडं लागतात. आपल्याला लाकूड लागतं.

मी चित्र पाठवलं. डॉक्टरांनी कळवलं, "मान फारच लांब वाटते. पण तुम्ही पाहिला आहे, मी नाही. छापतो." पुस्तक निघालं, उत्तरेचे पुढचे पक्षीही माझ्याकडे राहिले. पण त्या मानेवरून जाणकारांनी मला सोडलं नाही. कुणी म्हणालं, मद्रासच्या बाईनं सुतार आणि बगळा यांचं लग्न लावलं. काही वर्षांनी तर मलाही वाटायला लागलं, धुळीत बोट जरा घसरलं तर नसेल?

मग एका दुपारी आमच्या दारात तार आली. तेव्हा तार म्हणजे कुणीतरी गेलं, एवढाच अर्थ. तारवाला तोंड पाडून उभा. गल्ली गोळा झाली. अप्पांनी ती उघडली, वाचली, उलटी करून वाचली. इंग्रजीत दोनच शब्द होते. ते त्यांनी मोठ्यानं उच्चारले, "नेक करेक्ट."

"नेक म्हणजे मान!" शेजारचे हेडमास्तर म्हणाले. "कोणाच्या मानेचं झालं?" समोरच्या घरातल्या मामींनी ऐकलं तेवढ्यावर गळा काढला. त्यांचं पाहून आणखी दोघी रडू लागल्या. मी तार ओढून घेतली. वर गावाचं नाव होतं, टनकपूर. डॉक्टर, त्या वयात, काठी टेकत तिथे गेले होते, आणि त्यांनी तो पाहिला होता.

मी हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळे लोकांची खात्रीच पटली. आत्यानं मला गदागदा हलवलं. "काय झालें गे? कोण गेला?"

"कोणी नाही गेलं, आत्या! मान बरोबर आहे म्हणतात! आपल्या सुताराची!"

आत्या ओट्यावर मटकन बसली. मग तिनं जमलेल्या सगळ्यांकडे पाहिलं, आणि तिचं ते हसू पलीकडच्या गल्लीपर्यंत गेलं. "रडायाला आलां होतां नव्हे? आतां बसा अस्की. कापी पिऊन जा."

मामींनी डोळे पुसले, पाट ओढून घेतला आणि म्हणाल्या, "मला जरा साखर जास्त."